शून्य लिहू नकोस

एडिल्बेर्तो, तुझं पत्र मिळालं.
दर हजारी किती, असं विचारलंस.
सांगते. पण इथे पाणीसुद्धा
शहाऐंशी अंशांवरच उकळायला लागतं,
बटाटा तासभर शिजवला तरी
मध्ये करकरीत राहतो.
तुमच्या सांताक्रूझच्या सखल उकाड्यात
जे आपोआप होऊन जातं
ते इथे वर यायला वेळ लावतं,
कधी येतच नाही.

पोटातल्या बाळाला फुप्फुसांचं काय काम?
म्हणून रक्ताला एक आडवाट असते,
काडीएवढी.
बाळ रडलं, हवा आत गेली,
की दोनतीन दिवसांत बुजते,
वापर संपला की पाऊलवाट बुजते तशी.
इथली हवा विरळ.
वाटेला कळतच नाही
बाळ जन्मलंय म्हणून.

मंगळवारी साबिना कल्लिसाया आली,
कोरोकोरोच्याही पलीकडून, रात्रभर ट्रकच्या टपात.
पाठीशी पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यात मुलगी,
तीन महिन्यांची, वजन तीन किलो दोनशे.
"दूध ओढताना घाम फुटतो हिला,
एवढ्या गारठ्यात," साबिना म्हणाली.
मी जेल तळहातावर ऊन करून घेतलं.
पडद्यावर निळ्यात लाल उसळलं
आणि आवाज आला तो,
ठोका आणि ठोक्यामधल्या जागेतही न थांबणारा,
पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा.

तुमच्या तक्त्यात कप्प्यांमधल्या भिंतीला भोक जास्त.
आमच्याकडे वाट उघडी जास्त.
त्या जपानी डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आठवतं?
म्हणाल्या, आमच्या मुलांत भोक असतं
तेही पुष्कळदा वेगळ्याच ठिकाणी,
झडपेच्या अगदी खाली.
तू तेव्हा हसून म्हणालास,
काळजालाही गाव असतं तर.
मला हसू आलं नव्हतं. आता थोडं येतं.

आमच्या आयमारात
काळीज निराळं, फुप्फुस निराळं, असं नाही.
चुयमा म्हटलं की दोन्ही आलं,
जीव लागणं आणि लक्षात ठेवणंसुद्धा.
मी शिकले तेव्हा लाज वाटायची या शब्दाची,
अडाणी वाटायचा.
परवा त्या मुलीच्या छातीवर यंत्र धरून
दोघांमधली ती वाट बघत बसले
आणि आई आठवली, तिच्या तोंडचा शब्द आठवला.
अर्थात औषध शब्दानं होत नाही.
ला पासला पाठवलंय. तारीख नोव्हेंबरची मिळाली.

सासू बरोबर होती साबिनाची.
बाकावर बसून सुकवलेले बटाटे सोलत होती.
म्हणाली, माझी दोन गेली अशीच,
दमून दमून.
मी विचारलं, कुठल्या साली? कुठे नोंद?
तिनं हातातला बटाटा खाली ठेवला.
"नोंद कोण करणार, बाई?
बाप्तिस्मासुद्धा व्हायचा होता."

म्हणून लिहितेय.
तुझ्या नकाशात कोरोकोरोच्या पुढे सगळं पांढरं आहे.
दोष कमी, असं खाली छापलंस.
तिथे यंत्र नाही, एडिल्बेर्तो.
ऐकणारं कुणी नाही.
ज्या घाटात माझी गाडी मार्चमध्ये अडकली
त्याच्या पलीकडे अकरा वस्त्या आहेत,
पोरं जन्मतात, काही जातात,
पोरं कुठे जात नाहीत? असं म्हणून
लोक लामांच्या मागे निघतात.
तिथे शून्य लिहू नकोस.
जागा मोकळी ठेव,
आणि मोकळी का ठेवली ते लिही.

साबिनाच्या मुलीला अजून नाव नाही.
फॉर्मवर विचारलं तर म्हणाली,
राहू दे आधी, मग बघू.
मी त्या रकान्यात रेघ मारली नाही.

आमचा यंदाचा आकडा एक्केचाळीस.
हजारी काढायला एकूण जन्म किती, ते मला ठाऊक नाही,
कुणालाच ठाऊक नाही.
पेन्सिलीनं लिहिलाय.

– नेमेसिया